दम खाणारं इंजिन

पालघरहून मनोर, विक्रमगड करत जव्हारकडे निघालेली गाडी सुरुवातीला जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर असते. जव्हारला पोचेपर्यंत ती साडेचारशे मीटरच्या आसपास चढलेली असते. पुढे मोखाडा, मग तोरंगणचा घाट आणि त्र्यंबकेश्वर. तिथं उंची सातशे मीटरच्या वर जाते. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६०-अ आहे. महामार्ग म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते इथं फारसं सापडत नाही. वळण, चढ, पुन्हा वळण, आणि बराचसा प्रवास दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये.

या पट्ट्यात चढावरच्या थांब्याला गाडी उभी राहिली की एक गोष्ट बघायला मिळते. माणसं उतरतात, टपावरची पोती खाली येतात, सुट्या पैशांचा हिशेब होतो, आणि तरी इंजिन धडधडतच असतं. शहरातून आलेल्या प्रवाशाला वाटतं, डिझेल फुकट चाललंय. मिनिटभरानं ड्रायव्हर चावी फिरवतो. जुना ड्रायव्हर हे कुणी न सांगता करतो. नव्याला मालक बजावतो की गाडी चढून आलीये, लगेच बंद करू नको. या एका मिनिटामागे जवळपास सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बहुतेक भाग जव्हार-मोखाड्यापासून फार लांब घडला. पण ती सवय खरोखर कामाला यावी अशी जागा शोधायची, तर ती याच डोंगरांत सापडते.

घाट चढून आल्यावर थांबायचं, ही रीत इंजिनाहून कितीतरी जुनी. नाशिक-त्र्यंबकच्या पठारावरून डहाणू-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाच्या वाटा याच डोंगरांतून उतरत. गोंदा घाट त्यांतला एक. त्यावर नजर ठेवायला हरिहरचा किल्ला होता, शेजारी भास्करगड, आणि जव्हारच्या अंगाला भूपतगड. १३४३ साली जयबा मुकणे यांनी जव्हारचं कोळी राज्य उभं केलं असं मानतात. या वाटा ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलखाची नाडी, हे त्या राजांना ठाऊक होतं. १६६४च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज याच भागातून गेले. जव्हारजवळच्या शिरपामाळाशी त्यांच्या मुक्कामाची आठवण जोडलेली आहे. लादलेली जनावरं चढ संपला की थांबत, पाणी पीत, ओझी जरा सैल केली जात. माथ्यावरची सपाटी, पाण्याचं टाकं, एखादा देव, अशी विसाव्याची जागा घाटागणिक ठरलेली असे.

रेल्वे आली ती या मुलखाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून. पूर्वेला कसारा-इगतपुरी, पश्चिमेला पालघर-डहाणू. जव्हार संस्थानात रूळ आले नाहीत, आजही नाहीत. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदावर राहिली. त्यामुळे मीठ, किराणा, रॉकेल, बियाणं, रुग्ण, शिक्षक, मतपेट्या, जे काही वर चढलं ते मोटारीनं किंवा पायी. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. पुढे जव्हारला आगार झालं, आणि डोंगरातल्या गावांना 'वस्तीची गाडी' माहीत झाली. संध्याकाळी शेवटच्या गावाला मुक्कामाला जाणारी आणि पहाटे पहिली माणसं घेऊन उतरणारी ही बस म्हणजे बाहेरच्या जगाशी रोजचा करारच होता.

त्या काळातल्या इंजिनांची अडचण वेगळी होती. ती पाण्याची होती. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र हळू चालते. रेडिएटरला समोरून मिळायला हवी तेवढी हवा मिळत नाही. पाणी उकळतं, झाकणातून वाफ फुसफुसते. म्हणून ट्रकच्या केबिनमध्ये पाण्याचा डबा आणि चाकामागे लावायला दगड ही क्लीनरची पहिली जबाबदारी. तापलेल्या गाडीबद्दलचा जुना नियमही तेव्हाचाच: ती एकदम बंद करायची नाही, आणि थंड पाणी भसकन ओतायचं तर मुळीच नाही. इंजिन हळू चालत ठेवायचं, पंप पाणी फिरवत राहतो, मग थोडंथोडं पाणी घालायचं. घाईनं ओतलं तर तापलेल्या बिडाच्या हेडला तडा जातो. टर्बो नावाचा प्रकार या रस्त्यावर यायला अजून अवकाश होता, पण 'चालू ठेव, जरा निवू दे' हे वाक्य आधीच आलेलं होतं. इगतपुरीच्या घाटणदेवीपाशी चढून आलेले ड्रायव्हर थांबत, नारळ फोडत. देवीला हात जोडेपर्यंत इंजिनही निवत असे. श्रद्धा आणि यंत्रशास्त्र यांची सोय एकाच ठिकाणी झाली, तर तक्रार कोण करणार?

टर्बोची गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमध्ये. आल्फ्रेड ब्यूखी हा विंटरथूरचा इंजिनिअर. इंजिनात जळून बाहेर पडणाऱ्या वायूत केवढी तरी ऊर्जा वाया जाते, ती परत वापरता येईल का, हा त्याचा प्रश्न. १९०५ साली त्यानं पेटंट घेतलं. कल्पना अशी, की बाहेर पडणाऱ्या गरम वायूनं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवायचं आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. कल्पना सोपी होती, धातू आणि बेअरिंगं मात्र तिला पेलणारी नव्हती. वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकात जर्मनीच्या 'प्रॉयसन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या प्रवासी जहाजांवर ब्यूखीच्या पद्धतीची डिझेल इंजिनं बसली. १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० अश्वशक्ती देऊ लागली. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीकच्या माथ्यावर, चौदा हजार फुटांवर नेलं आणि विरळ हवेत गमावलेली ताकद टर्बोनं परत मिळते हे दाखवलं. स्विस कंपनी साउररनं १९३८ साली टर्बोचं इंजिन ट्रकमध्ये आणलं.

मॉसच्या प्रयोगामुळे टर्बो म्हणजे डोंगरावरची विरळ हवा, असं समीकरण पुष्कळांच्या मनात बसलं. जव्हारला ते फारसं लागू नाही. साडेचारशे मीटरवर हवा मैदानापेक्षा चार-पाच टक्क्यांनी विरळ असेल. तेवढ्यासाठी कुणी टर्बो बसवणार नाही. इथं तो आला तो ओझ्यासाठी, आणि त्याहून जास्त धुरासाठी.

भारतात टर्बोचा आवाज सर्वसामान्य माणसानं पहिल्यांदा ऐकला तो बहुधा रेल्वेच्या फलाटावर. १९६२पासून आलेली आणि पुढे वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ ही अल्को बनावटीची डिझेल इंजिनं टर्बोची होती, सोळा सिलिंडरांची, २६०० अश्वशक्तीची. ती बंद करण्याचा प्रश्नच कमी यायचा, तासन्‌तास सायडिंगला धडधडत उभी असायची. त्याच वर्षी पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. खाणी, धरणं, जनित्रं यांसाठी लागणारी मोठी टर्बो इंजिनं हाताळणारे मिस्त्री महाराष्ट्रात तयार झाले ते या इंजिनांवर. इंजिन बंद करण्याआधी काही मिनिटं हळू चालवा, ही सूचना मराठी कामगाराच्या कानावर आधी अशा डंपरच्या, कॉम्प्रेसरच्या आणि जनित्राच्या निमित्तानं पडली.

रस्त्यावरच्या गाड्या मात्र बराच काळ बिनटर्बोच्याच राहिल्या. टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. त्या घराण्यातली साधी, दणकट, बिनटर्बोची इंजिनं नव्वदच्या दशकापर्यंत देशभर राबली. एसटीची लाल गाडीही त्याच जातीची. आणि जव्हार-मोखाड्याचा खरा वाहतूकदार म्हणजे जीप. काळ्या-पिवळ्या रंगातली महिंद्रा कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स. आत किती माणसं बसली हे मोजायची पद्धत नव्हती. मागच्या पायरीवर आणि टपावर जागा उरेपर्यंत गाडी 'रिकामी' धरली जायची. ही इंजिनंही बिनटर्बोची. ती दमायची, काळा धूर ओकायची, पण चढ संपताच बंद केली तरी त्यांचं फारसं काही बिघडत नसे.

बदल घडला तो कारखान्यात, आणि सरकारी नियमांमुळे. १९८२ साली चेन्नईत टर्बो एनर्जी ही टर्बो बनवणारी कंपनी सुरू झाली. १९९३ साली टाटा आणि कमिन्स यांचा जमशेदपूरचा संयुक्त कारखाना ठरला आणि टाटाच्या ट्रकांत कमिन्सची टर्बो इंजिनं येऊ लागली. मग धुराचे नियम आले: २००० साली देशभर पहिला टप्पा, नंतर शहरांपासून सुरू होत पसरलेले भारत स्टेजचे टप्पे, २०१७ला देशभर बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. धूर कमी करायचा तर इंधन पुरतं जळायला हवं, आणि पुरतं जळायला हवा जास्त हवी. नियम कडक होत गेले तसा टर्बो डिझेल गाडीत चैनीचा न राहता सक्तीचा झाला. या नियमांनुसार गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांतली एक, एआरएआय, १९६६ पासून पुण्यातच आहे.

आणि जव्हारच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट घडली ८० किलोमीटरवर, नाशिकमध्ये. महिंद्राच्या तिथल्या कारखान्यातून २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. पहिल्या बोलेरोला टर्बो नव्हता, स्कॉर्पिओला होता. काही वर्षांत बोलेरोलाही आला, तिच्या पिकअपलाही आला. आज मोखाड्याच्या बाजाराला भाजी, कोंबड्या, सिमेंट, मंडपाचं सामान आणि वऱ्हाड यांतलं काहीही घेऊन येणारी गाडी बहुधा पिकअपच असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जगायला निघणारी कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरांसह याच गाड्यांतून उतरतात, पावसाच्या तोंडावर याच गाड्यांतून परत चढतात.

आता या मिनिटाचं शास्त्र. ट्रकच्या टर्बोचा दांडा भार असताना मिनिटाला लाखभर फेरे घेतो, लहान गाडीचा त्याहून जास्त. एवढ्या वेगाला साधं बॉल बेअरिंग सहसा वापरत नाहीत. दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाचंच, इंजिनाच्याच पंपानं आलेलं. ते वंगणाचं काम करतं आणि उष्णता वाहून नेण्याचंही. दांड्याच्या एका टोकाला साधी हवा, दुसऱ्या टोकाला चढावर असताना डिझेल गाडीत सहाशे-सातशे अंशांचा वायू. मधे हाताच्या पंजाएवढ्या जागेत बेअरिंगं.

अशा वेळी चावी फिरवली की इंजिन दोन-तीन सेकंदांत थांबतं. पंप थांबतो, तेल थांबतं. टर्बोचा दांडा मात्र आपल्या वेगानं फिरतच असतो, आता कोरडा. हे नुकसान डोळ्यांपुढे पटकन येतं, म्हणून सांगणारे तेच सांगतात. पण खरं मोठं नुकसान त्यानंतर होतं, सगळं शांत झाल्यावर. वायूच्या बाजूचं बिडाचं घर तापून लाल व्हायच्या बेतात आलेलं असतं. ती उष्णता जायला आता वाट नाही, मग ती दांड्यावरून बेअरिंगांकडे सरकते. इंजिन बंद झाल्यावर बेअरिंगांचं तापमान उतरण्याऐवजी काही मिनिटं चढत जातं. तिथं अडकलेलं थोडं तेल करपतं. गॅस बंद केल्यावरही जाड बुडाच्या कढईत फोडणी करपत राहते, त्यातलाच हा प्रकार. करपलेल्या तेलाचा काळा, टणक थर बेअरिंगांवर आणि तेल परत नेणाऱ्या नळीत साचतो. एकदा केलं तर काही होत नाही. रोज केलं की नळी अरुंद होते, तेल कमी पोचतं, दांडा डगमगू लागतो, पाती घराला घासतात आणि एक दिवस गाडी निळा धूर सोडत उभी राहते.

उपाय फुकट आहे. इंजिन हळू चालू ठेवलं की बाहेर पडणारा वायू शे-दोनशे अंशांवर येतो, दांड्याचा वेग एकदम खाली येतो, आणि तेल वाहत राहून बेअरिंगांची उष्णता घेऊन जातं. पूर्ण भारावर काम झाल्यावर तीन ते पाच मिनिटं इंजिन हळू चालवून मग बंद करा, असं कमिन्सच्या पुस्तिकेत लिहिलेलं असे. हलक्या गाड्यांच्या पुस्तिका मिनिट-दोन मिनिटांवर भागवतात.

हा नियम आला तेव्हा तो ड्रायव्हरांच्या दोन जुन्या सवयींना आडवा आला. पहिली सवय म्हणजे जाताजाता रेस मारून इंजिन बंद करणं. गाडी उभी करायची, एक्सिलरेटरवर पाय दाबून एकदा भर्रकन आवाज काढायचा आणि त्याच भरात बंद. जुन्या डिझेल गाड्यांत चावीनं इंजिन थांबतही नसे. डॅशबोर्डखालचा स्टॉपचा खटका ओढला की पंपाचं डिझेल बंद होई. रेस, मग खटका, हा सगळा एक रुबाबाचा भाग होता. टर्बोच्या दृष्टीनं याहून वाईट काही नाही: दांड्याला मुद्दाम पूर्ण वेग द्यायचा आणि त्याच क्षणी त्याचं तेल तोडायचं. ही सवय जायला वेळ लागला. काही ठिकाणी अजून गेलेली नाही. दुसरी सवय मात्र उलट्या बाजूनं उपयोगी पडली. बॅटरी अशक्त असलेल्या जीपचा ड्रायव्हर पाड्यावर इंजिन बंद करायलाच घाबरे. केलंच तर गाडी उताराला तोंड करून लावी, म्हणजे ढकलून सुरू करता येईल. बॅटरीच्या धाकानं चालू ठेवलेलं इंजिन टर्बोच्या काळात शहाणपणाचं ठरलं.

आणि तिसरी अडचण सवयीची नव्हती, हिशेबाची होती. एसटीत प्रत्येक चालकाचं डिझेल मोजलं जातं. दहा लिटरमागे किती किलोमीटर, या आकड्याला तिथं 'केपीटीएल' म्हणतात, आणि आगारात त्यावरून चालकाची पत ठरते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, १९७८ पासून हेच सांगत आली आहे की थांबलात की इंजिन बंद करा. ही सूचना आणि टर्बोची सूचना, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एक इंधन वाचवायला सांगते, दुसरी टर्बो वाचवायला; आणि डिझेलचा आकडा रोज लिहिला जातो, टर्बोचा खर्च दोन-तीन वर्षांनी येतो. तोही बहुधा दुसऱ्याच कुणाच्या पाळीत. अशा वेळी कुठली सूचना पाळली जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. खाजगी पिकअपवाल्याचं तसं नसतं. डिझेल त्याचं आणि टर्बोही त्याचाच, म्हणून थांब्यावरही धडधडत राहणारं इंजिन सरकारी गाडीपेक्षा खाजगी गाडीत जास्त वेळा ऐकू यावं, यात आश्चर्य नाही.

तरी मिनिटभर चालू ठेवण्याचा नियम सरसकट घोकण्यात अर्थ नाही, आणि इथंच जव्हार-मोखाड्याचा भूगोल मधे येतो. मैदानी मुलखात गाडी महामार्ग सोडते, गावात शिरते, गर्दीतून, खड्ड्यांतून शेवटचा किलोमीटर रमतगमत जाते. टर्बो वाटेतच निवतो. दारात आल्यावर वेगळं मिनिट द्यायची गरज उरत नाही. मोखाड्यातले कित्येक पाडे टेकडीच्या माथ्यावर किंवा अंगावर आहेत. मुख्य रस्ता सुटल्यावर शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर सगळ्यात उभा चढ, आणि चढ संपतो तिथंच गाव. म्हणजे इंजिन सर्वांत तापलेलं असतं त्याच क्षणी थांबायची वेळ येते. उलट, घाट उतरून पायथ्याशी थांबलेल्या गाडीला हे मिनिट द्यायचं काहीच कारण नाही. उतारावर गिअरमध्ये सोडलेल्या गाडीत पंप डिझेल देतच नाही, इंजिनातून नुसती हवा जाते. टर्बो थंडगार असतो. तापलेले असतात ते ब्रेक. चढणाऱ्यानं थांबावं आणि उतरणारा थांबला नाही तरी चालतं, एवढा विवेक पुस्तिकेत क्वचितच असतो. तो रस्त्यावर येतो.

उन्हाळ्यात याची सर्वांत कठीण परीक्षा पाण्याचा टँकर देतो. मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलपासून पाडे टँकरची वाट बघतात. याच तालुक्यात कोचाळे इथं मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंचीचं, २०१४ साली लोकार्पण झालेलं. त्यातून दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला जातं. मुंबईचं पाणी उतारानं जातं, मोखाड्याचं डिझेल जाळून चढतं. दहा-बारा हजार लिटरचा टँकर म्हणजे गाडीच्या वजनाखेरीज दहा-बारा टनांचं ओझं, कच्चा रस्ता, पहिला गिअर. वर पोचल्यावर पाणी बहुधा गावच्या विहिरीत ओततात आणि बायका हंडे-कळश्या घेऊन तुटून पडतात. पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणजे इंजिनाला निवायला हवा तेवढा वेळ हाताशी असतो. पण टँकरचा धंदा खेपांवर आणि डिझेलवर चालतो. विहिरीशी लागला की इंजिन बंद करण्याचा मोह मोठा असतो, आणि गाडी बहुतेक वेळा मालक स्वतः चालवत नसतो.

एवढं सगळं झाल्यावर एक शंकाही नोंदवायला हवी. टर्बो गेला की दोष लगेच बंद करण्यावर ढकलायची एक पद्धत पडली आहे, कारण ती दोष द्यायला सोपी जागा आहे. खराब झालेला टर्बो उघडून बघणारे जाणकार मिस्त्री आधी दुसरे प्रश्न विचारतात. ऑइल शेवटचं कधी बदललं? कुठलं घातलं? एअर फिल्टर कधी बघितला? जळकं, घट्ट झालेलं तेल बेअरिंगांचं जेवढं वाटोळं करतं तेवढं दहा वेळा घाईनं बंद करून होत नाही. आणि उन्हाळ्यात या रस्त्यांवर पुढच्या गाडीमागे उठणारी तांबडी धूळ चोंदलेल्या किंवा फाटक्या फिल्टरमधून आत गेली, तर लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांना ती सँडपेपरसारखी तासते. चढून आल्यावर निष्ठेनं पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणारा आणि ऑइल मात्र दुप्पट किलोमीटर ओढणारा ड्रायव्हर दुर्मिळ नाही. त्या पाच मिनिटांचं पुण्य त्याच्या कामाला येत नाही.

दरम्यान जगानं हे मिनिट ड्रायव्हरकडून काढून घ्यायचा उद्योग केव्हाच सुरू केला होता. १९७८च्या सुमाराला साब आणि मर्सिडीज यांनी टर्बो रोजच्या मोटारीत आणला आणि ट्रकवाल्यांची शिस्त घरगुती चालकाकडून पाळली जाणार नाही हे लवकरच कळून चुकलं. पेट्रोल गाडीत तर वायू नऊशे अंशांच्या पुढे जातो. मग १९८०च्या दशकात टर्बोच्या बेअरिंगांच्या घराभोवती पाणी खेळवलं गेलं. इंजिन थांबलं तरी गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असं आपोआप फिरत राहून उष्णता ओढून घेतं. जपानमध्ये टर्बो टायमर निघाले: चावी काढून माणूस निघून गेला तरी इंजिन ठरलेला वेळ चालू राहून आपोआप बंद होई. नंतर काही गाड्यांना विजेवर चालणारा छोटा पंप आला, तो इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवतो. कृत्रिम तेलं आली, ती जास्त तापमानाला टिकतात. आता सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या टर्बो गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या पुस्तिकांतही जोरात चालवल्यानंतर थोडं थांबा, ही ओळ बहुधा असतेच.

बीएस-६ गाड्यांनी या गुंत्यात भर टाकली. धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी त्यांना असते आणि ती काजळी मधूनमधून उच्च तापमानाला जाळून टाकावी लागते. हे जाळणं चालू असताना गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं. आणि रोज रोज नुसतं हळू चालवत ठेवलं तर काजळी उलट जास्त साचते. म्हणजे जुन्या गाडीला जे मिनिट औषध होतं, ते नव्या गाडीला जपून द्यायची पाळी आली.

१ जून २०२२ रोजी एसटीनं आपल्या पहिल्या मार्गावर, पुणे ते अहमदनगर, 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू केली. तिला टर्बो नाही, करपायला इंजिनाचं तेल नाही, थांबली की थांबली. शहरांत अशा बस वाढत आहेत. जव्हार-मोखाड्याच्या चढांवर मात्र डिझेलचं राज्य इतक्यात संपेल असं दिसत नाही, आणि त्यातही नव्या गाडीचं कमी, जुन्या गाडीचं जास्त. नाशिक-ठाण्यात दहा वर्षं राबलेला पिकअप तिथं विकला जातो आणि डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. पाण्यानं निवणारं घर, टायमर, विजेचा पंप, यांतलं काही त्याच्याजवळ नसतं. असा पिकअप घेताना जाणता गिऱ्हाईक रंग आणि टायर बघण्याआधी बॉनेट उघडायला लावतो, टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढतो, आत तेल ओघळलंय का बघतो आणि दांड्याचं टोक चिमटीत धरून हलवतो. बोटांना प्ले, म्हणजे सैलपणा, लागला की भाव तिथंच उतरतो.